हात सारखा पडू दे

जोतिबा देवा, हेड फेस मारून आलंय, ब्लॉक पुसून झालाय, नवं गॅस्केट स्वच्छ फडक्यावर ठेवलंय. आता हेड बसवायचं. त्याआधी तुझ्याशी बोलून घेतो, कारण एकदा नट आवळले की आत काय चाललंय ते मला दिसणार नाही. ते तुलाच दिसेल.

गाडी तुझ्या नजरेखालचीच आहे. एम.जी.ए., दोन माणसांची, उघड्या टपाची. इंग्लंडात ॲबिंग्डन गावी १९५५ ते १९६२ या काळात अशा एक लाखाहून जास्त गाड्या बनल्या आणि बहुतेक परदेशी गेल्या. त्यातली ही एक आपल्या कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. बॉनेट उघडलं तेव्हा मला परकं काही वाटलं नाही. १४८९ सीसीचं हेच बी-सिरीज इंजिन १९५९ पासून आपल्या अँबॅसडरला होतं, बंगालात उत्तरपाड्याला घडत होतं. हिला दोन एस.यू. कार्बोरेटर, अँबॅसडरला एक. ही पळायला केलेली, ती अख्खं घरदार आणि वर लग्नाच्या ट्रंका वाहायला. पण घराणं एकच. ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी शिकलो, त्यांचा जन्म अँबॅसडरची हेडं उतरवण्यात गेला. एम.जी. त्यांनी कधी पाहिली नसेल, तरी हिच्या आतलं सगळं त्यांना पाठ होतं. त्यांच्या हातातलं जे माझ्या हातात उतरलंय ते आज जागं राहू दे.

आधी तुझे उपकार मानतो. कोकणातून येताना आंबा घाटात तापमानाचा काटा वर चढला, तेव्हा मालकांना तू लगेच थांबायची बुद्धी दिलीस. आणखी दोन वळणं रेटली असती तर मी आज हेड नव्हे, भंगार पुसत बसलो असतो. ते थांबले, सावलीत बसून राहिले, रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. रस्त्यावरच्या भल्या माणसांनी पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या असतील, तरी तापलेल्या बिडावर गार पाणी पडू दिलं नाहीस. बिडाला उष्णता सोसते, अचानक आलेला गारवा सोसत नाही. त्याला तडा जातो, आणि हेडचा तडा हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट निरोप. तो तू दिला नाहीस. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते, दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदमच बसलं होतं, पण डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालं नव्हतं. पाणी बेअरिंगपर्यंत पोचलं नाही. याचेही उपकार.

हेड उचललं तेव्हा दोन आणि तीनच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट जळून गेलेलं दिसलं. काळी वाट पडली होती, तिथून एक फाटा पाण्याच्या भोकाकडे गेलेला. जिथे जळायचं तिथेच ते जळलं होतं. या इंजिनात मधल्या दोन्ही सिलिंडरांचा जळका वायू एकाच भोकातून बाहेर पडतो, त्यामुळे सगळी धग त्या मधल्या जागेत साठते. साठ-पासष्ट वर्षांच्या लोखंडाचा सगळ्यात कष्टाचा कोपरा तोच आहे. देवा, तुझं लक्ष असेल तर तिथे असू दे. बाकीचं मी बघतो.

किती थोडी जागा आहे ती! गॅस्केट म्हणजे पातळ थर, आणि त्याच्या भरवशावर तीन वैरी शेजारी नांदतात. आत पेटल्यावर दोन हजार अंशांच्या वर जाणारा वायू, बोटभर अंतरावर ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी, आणि त्याच पातळीतून रॉकरकडे चढणारं ऑइल. मिनिटाला तीन हजार फेरे असतील तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पंचवीस वेळा पेटतो. चारी मिळून शंभर. दर पेटण्याला त्र्याहत्तर मिलिमीटरच्या त्या वर्तुळावर दीड टनाच्या आसपास जोर येतो आणि हेडला वर उचलू बघतो. एवढ्या भांडणात ज्याने मध्ये पडायचं त्याची जाडी मिलिमीटरभरसुद्धा धड नाही. त्याला बळ दे. अग्नी अग्नीच्या जागी राहू दे, पाणी पाण्याच्या, तेल तेलाच्या. तिघंही तुझेच आहेत, त्यांना एकमेकांच्या घरात जाऊ देऊ नकोस.

रेडिएटरच्या बारीक गळतीला हळद टाकून मुक्काम गाठणारे ट्रक ड्रायव्हर मी पाहिलेत. त्या हळदीचा मान मी ठेवतो. अडल्या माणसाला तिने घरी पोचवलंय. बाजारात आता डब्यातून मिळणारं औषधही आहे, पाण्यात ओतलं की भोक बुजतं म्हणतात. पण आग जिथून वाट काढते तिथे असलं बुजवणं टिकत नाही, उलट रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात. मालकांना मी ते सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. खर्चाचा आकडा ऐकूनही ऐकलं. त्यांच्या विश्वासाला माझ्या हातून उणं येऊ नये.

एक मागणं माझ्या पोऱ्यासाठी. जुनी गॅस्केटं तांब्याच्या दोन पत्र्यांत ॲस्बेस्टॉस दाबून केलेली असत. माझ्या पिढीने ती तारेच्या ब्रशने खरवडली, तोंडाने फुंकर मारून भुकटी उडवली आणि त्याच हातांनी भाकरी खाल्ली. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात बसले की वीस-तीस-चाळीस वर्षांनीसुद्धा रोग उठतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी ते छातीत वाहिलं त्यांना, देवा, श्वास सोपा कर. या पोऱ्याला मी जुनं गॅस्केट ओलं करूनच सोडवायला लावलं, नाकाला मास्क बांधून, एअर लाइनला हात लावू दिला नाही. त्याला कंटाळा आला असेल. तो कंटाळा त्याची सवय होऊ दे.

हेड आणि ब्लॉक दोन्ही तपासलेत. सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी लावली. खालून दोन थाऊची, म्हणजे इंचाच्या दोन हजारांश जाडीची, फिलर शिरली नाही. वॉल्व्हच्या बैठकांमध्ये लाल रंग सोडून तडा शोधला, सापडला नाही. फेस मारणाऱ्या कारागिराने गरजेपुरतंच घेतलंय, एक थाऊ जास्त नाही. त्याच्या डोळ्यांना तेज राहू दे. गॅस्केटवर वरची बाजू आणि पुढची बाजू छापलेली असते, ती मी वाचली, पोऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतली. पाण्याची भोकं भोकांवर आली.

आता खरं मागणं.

या हेडला अकरा नट आहेत. त्यातले चार रॉकरचा दांडासुद्धा धरतात, म्हणून वरवरचं काम समजून रॉकर सोडवणारा माणूस नकळत हेडच सैल करतो. बाकीचे सात आवळलेले राहिले तर हेड पिळवटतं आणि पाणी सिलिंडरात उतरतं. कंपनीच्या पुस्तकातच हा इशारा आहे. खोलताना आम्ही अकराही थोडे थोडे सैल केले, बसवतानाही अकराही थोडे थोडे आवळू. मधून सुरुवात, मग बाहेर, आलटून पालटून. आधी वीस, मग पस्तीस, मग पन्नास फूट-पाउंड.

पण देवा, पान्यावर दिसतो तो पीळ. स्टडमध्ये किती ताण आला ते पाना सांगत नाही. माझ्या मनगटाच्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणायला जातो, बाकीचा नटाखाली आणि आट्यांत घासून संपतो. आट्यात कणभर गंज राहिला तर पाना पन्नास म्हणून टक् करेल आणि स्टड मात्र ढिलाच असेल. हिशोबाने प्रत्येक स्टडने साडेतीन टनांच्या आसपास ओढून धरायचं, अकरांनी मिळून चाळीसच्या आत-बाहेर. तेवढं धरलं तरच गॅस्केट सगळीकडून सारखं दबतं. एकाने अंग चोरलं की त्याच्याजवळ फट पडते, आणि आग फट शोधतच असते. म्हणून प्रत्येक आटा ब्रशने साफ केलाय, नट बोटाने शेवटपर्यंत फिरतो का पाहिलंय, ताणून बारीक झालेले दोन स्टड बदललेत, आट्यांना ऑइलचा थेंब दिलाय. मला जेवढं करता येतं तेवढं झालं. जो ताण मला दिसत नाही तो तुझ्या नजरेत आहे. अकराही जागी सारखा येऊ दे. पहिल्या नटाला जेवढं मन दिलं तेवढंच अकराव्याला देता येऊ दे. मध्येच फोन वाजला तर उचलायची इच्छा होऊ देऊ नकोस.

लोक म्हणतील, हौसेच्या गाडीसाठी देवाला कशाला शिणवतोस. पण तूच बघतोस, या गावात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात आली की म्हातारीकोतारी हात जोडतात. यंत्र नीट राखणं ही इथे भक्तीच धरली जाते. शिवाय घाटात चालणाऱ्या गाडीत माणसं बसतात. लोखंडासाठी मागतोय तेवढंच त्यांच्यासाठी मागतोय.

पाणी हळूहळू भरून हवा निघून जाऊ दे. सेल्फ मारल्यावर चारी सिलिंडर एका आवाजात बोलू देत. गरम होऊन गार झाल्यावर मी नट पुन्हा तपासीन, मग रॉकरची गॅप पुन्हा लावीन, कारण हेड बसलं की ती बदलते. आणि शेवटचं, जे माझ्या हातात अजिबात नाही: काहीशे किलोमीटर चालल्यावर मालकांना गाडी परत इथे आणायला सांगितलंय, नट आणखी एकदा बघायला. तोवर गाडी छान चालत असेल, काटा जागेवर असेल, आणि चालत्या गाडीला मिस्त्रीकडे न्यायचा माणसाला आळस येतो. तो आळस त्यांना येऊ देऊ नकोस. त्यांना आठवण कर, देवा, आणि सकाळी इंजिन गार असतानाच पाठव.