परवान्याची फाईल

लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या बहुतेकांच्या नजरेखालून लोहित देवनागरी हा फॉन्ट गेलेला असतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने दिलेले हे फॉन्ट रेड हॅटने जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुले केले. हेतू चांगलाच होता. पण जीपीएल लिहिला गेला प्रोग्रामसाठी, आणि फॉन्ट तर पीडीएफच्या पोटात जाऊन बसतो. मग त्या पीडीएफलाही जीपीएलच्या अटी लागतात का, हा प्रश्न येतोच, आणि त्यासाठी परवान्याला वेगळी सवलत जोडावी लागते. २०११ मध्ये लोहितला एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स लावला गेला. तो खास फॉन्टसाठीच आहे, आणि फॉन्ट वापरून केलेल्या दस्तऐवजावर बंधन नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

खुले करायचे, एवढे ठरवून भागत नाही. कोणासाठी आणि कोणत्या अटीवर, हेही ठरवावे लागते.

समजा, रत्नागिरीतल्या एखाद्या विद्यार्थिनीने आंबा बागायतदारांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहिले. पेट्या किती गेल्या, हमाली किती कापली, वाशीहून आलेली पट्टी जुळते का, हे सगळे त्यात. तिने कोड नेटवर ठेवला, परवाना मात्र लावला नाही. तिला वाटते, दिला की सगळ्यांना! पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने तो कोड लिहिताक्षणीच तिच्या मालकीचा झाला, तिच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे. परवानगीवाचून दुसऱ्याने तो बदलून वाटणे कायद्यात बसत नाही. प्रामाणिक माणूस त्याला हात लावणार नाही.

तिने एमआयटी परवाना लावला, तर नाव आणि परवान्याचा मजकूर राखून कोणीही तो घेईल, बंद करून विकेलसुद्धा. जीपीएल लावला, तर सुधारलेली प्रत देणाऱ्याला मूळ कोडही द्यावा लागेल. पण कंपनीने प्रत न देता तो आपल्याच सर्व्हरवर चालवला, तर जीपीएल हात टेकतो. ती वाट एजीपीएल अडवतो. बागायतदाराच्या हिशेबाचे साधन त्याच्याच हाती राहावे असे वाटत असेल, तर मी एजीपीएलच सुचवीन. छोट्या, कुठेही जोडता येणाऱ्या लायब्ररीला एमआयटी पुरे.

नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड सहसा मालकाचा असतो, तेव्हा आधी विचारावे. आणि इतरांनी भर घातली की पुढे परवाना बदलायला त्यांचीही संमती लागते. माणसे पांगतात, पत्ते सापडत नाहीत.

म्हणून मुलांनो, कोड बाहेर ठेवाल त्याच दिवशी परवान्याची फाईल त्यात घाला. आणि घालण्याआधी ती एकदा पूर्ण वाचा. एमआयटीचा मजकूर तर एका पानातच संपतो.