लाकडातील घोडा आणि कार्यकारणाचा प्रश्न

लाकडाच्या ठोकळ्यातून घोडा कोरणाऱ्या हौशी माणसाच्या हातून जे घडते, त्याचा भारतीय दर्शनांतील एका फार जुन्या वादाशी थेट संबंध आहे. कार्य, म्हणजे निर्माण होणारी वस्तू, आपल्या कारणात आधीपासून असते की ती सर्वस्वी नव्याने उत्पन्न होते, हा तो वाद होय. ती आधीपासून असते असे मानणारा सत्कार्यवाद हा प्रामुख्याने सांख्यांचा, तर ती आधी नसते असे मानणारा असत्कार्यवाद न्याय-वैशेषिकांचा. दोन्ही पक्षांनी मडके, वस्त्र, तेल, दही अशी उदाहरणे घेऊन युक्तिवाद केले. परंतु कोरीव कामात वस्तू सिद्ध होते ती केवळ काढून टाकण्याने, त्यामुळे कोरलेला घोडा ही दोन्ही मतांची अधिक कठोर परीक्षा ठरते.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील नवव्या कारिकेत सत्कार्यवादाच्या बाजूने पाच हेतू मांडलेले आहेत. त्यांचा आशय असा की, जे मुळीच नाही ते कोणालाही करता येत नाही. ठरावीक वस्तूसाठी ठरावीक उपादान, म्हणजे ज्यापासून वस्तू बनते ते द्रव्य, घ्यावे लागते. कशातूनही काहीही निपजत नाही. समर्थ कारण त्याला शक्य असेल तेच कार्य करते. आणि कार्याचा स्वभाव कारणाहून भिन्न नसतो. लाकूडकाम या विवेचनाला पदोपदी दुजोरा देते. शिवणीच्या ठोकळ्यावर घोड्याची आकृती रेखताना लाकडाचे तंतू पायांच्या लांबीला धरून जातील, याची काळजी घ्यावी लागते. ते आडवे गेले, तर बारीक केलेला पाय आखूड तंतूंच्या जोडावर उभा राहतो आणि किंचित दाबानेही मोडतो. मानेच्या उतारावर पटाशी तंतूंच्या विरुद्ध चालवली की ढलपी आखलेल्या रेषेच्या आत फाटत जाते आणि दिशा बदलली की तेच लाकूड सहज सुटते. लाकूड निमूटपणे वाटेल तो आकार घेत नाही. काय होऊ शकते आणि काय नाही, हे त्याच्या ठायी बऱ्याच अंशी आधीच ठरलेले असते.

मात्र सांख्यांचा पुढचा दावा असा आहे की, निर्मिती म्हणजे केवळ अभिव्यक्ती, अर्थात अव्यक्त असलेले व्यक्त होणे. यासाठी वाचस्पती मिश्रांनी सांख्यतत्त्वकौमुदीत तिळातून निघणारे तेल आणि साळीतून निघणारा तांदूळ यांचे दाखले दिले आहेत. साळ कांडणे हे कोरण्यासारखेच आवरण दूर करण्याचे काम असल्याने हा दाखला येथे विशेष महत्त्वाचा आहे, आणि भेदही नेमका त्यातच आहे. तूस आणि तांदूळ यांच्यामधली सीमा मुसळ पडण्यापूर्वीपासून असते. घोडा आणि ढलप्या यांच्यामधली सीमा पटाशीच निर्माण करते. ज्या ठोकळ्यात घोडा अव्यक्त आहे असे म्हणावे, त्यात हत्ती, बैल आणि असंख्य बेढब आकारही तितक्याच हक्काने अव्यक्त असतात. मग त्यांतला घोडाच का व्यक्त झाला, याचे उत्तर केवळ लाकडात सापडत नाही.

न्याय-वैशेषिकांच्या मते कार्याचा उत्पत्तीपूर्वी प्रागभाव असतो, म्हणजे ते अजून झालेले नसते, आणि अवयव एकत्र आले की त्यांहून वेगळा असा अवयवी, म्हणजे सबंध वस्तू, नव्याने उत्पन्न होतो. वस्तूचा एखादा अवयव निघून गेला, तर जुना अवयवी नष्ट होऊन उरलेल्या अवयवांचा दुसरा अवयवी जन्माला येतो, असेही ते मानतात. हे मत कोरीव कामाला लावले, तर प्रत्येक ढलपीबरोबर एक वस्तू संपते आणि दुसरी सुरू होते. या मताने नावीन्याची नीट बूज राखली जाते. पण वस्तूंच्या या मालिकेला घोड्याची दिशा देणारे सूत्र मालिकेतल्या कोणत्याही एका वस्तूत नसते. त्यासाठी न्यायमतातही निमित्तकारणाकडे, म्हणजे कर्त्याकडे, वळावे लागते.

कर्ता नेमके काय करतो, हे ठरवायला न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील मातीच्या गायीची चर्चा उपयोगी पडते. तेथे शब्दाच्या अर्थात व्यक्ती, आकृती आणि जाती असे तीन घटक मानले आहेत. मातीच्या गायीत पहिले दोन असले तरी गोत्व ही जाती नसल्याने गायीवर करावयाचे प्रोक्षणादी संस्कार तिला लागू होत नाहीत. त्याच न्यायाने कोरणारा अश्वत्व निर्माण करत नाही. त्याच्या वाट्याला येते ती आकृती. ही आकृती लाकडात शक्यता म्हणून आणि कोरणाऱ्याच्या मनात काहीशा अस्पष्ट संकल्पाच्या रूपाने असते. ती निश्चित होते ती एकेक शक्यता नाकारत गेल्यावरच. मान उजवीकडे वळवायची असे एकदा ठरून तेवढे लाकूड काढले गेले की सरळ मानेचा घोडा कायमचा गेलेला असतो. सावंतवाडीसारख्या ठिकाणच्या परंपरागत कारागिरांच्या मागे पिढ्यांनी पारखलेले नमुने असतात. हौशी माणसाला तो आधार फारसा नसतो आणि गिऱ्हाइकाची मागणीही नसते, त्यामुळे त्याच्या कामात निवडीचे स्वरूप अधिक उघडपणे दिसते.

महाभारताच्या अनुशासनपर्वात दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, यांत श्रेष्ठ काय असा प्रश्न युधिष्ठिर विचारतो, आणि उत्तरात शेत व बीज यांच्या उपमेने दोहोंची परस्परांवरील गरज सांगितली जाते. कोरीव कामाच्या विचारातून या उत्तरात एक भर घालता येते. प्रयत्न म्हणजे केवळ मिळालेल्या सामग्रीत श्रम ओतणे नव्हे. जे शक्य होते आणि कदाचित चांगलेही होते, ते जाणूनबुजून सोडून देणे हाही त्याचा अविभाज्य भाग आहे. माणसाच्या आयुष्यातही वंश, शरीर, काळ आणि परिस्थिती यांचे तंतू आधीच ठरलेले असतात, आणि त्यांच्याविरुद्ध केलेली जबरदस्ती फार काळ टिकत नाही. पण त्या मर्यादेत अनेक आयुष्ये सारखीच शक्य असतात, आणि त्यांतले एक प्रत्यक्षात येते ते इतरांचा त्याग केल्यामुळे. म्हणून आपले जीवन पूर्वीच लिहिलेले होते असे म्हणणे जितके अपुरे, तितकेच ते शून्यातून आपण घडवले असे म्हणणेही अपुरे आहे. जे दिले गेले त्याबद्दल कृतज्ञता आणि जे सोडले त्याची जबाबदारी, या दोन्ही गोष्टी माणसाला एकाच वेळी स्वीकाराव्या लागतात.