पुस्तकासाठी माधुकरी

कोकण किनाऱ्यावरच्या विजयदुर्ग किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ हे निरीक्षणाचे चौथरे १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण सांगतात. अशा किनाऱ्यावर एखाद्याला विज्ञानकादंबरी सुचावी, यात नवल नाही. ती छापायला लोकांपुढे हात पसरणं हा मात्र अहंकार म्हणायचा की भिक्षा?

१९७४ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. नाव झाकलं, तरी पहिलं बक्षीस मिळालं. अमेरिकेच्या कादंबरीकार ब्रँडन सँडरसनने २०२२ मध्ये उलट वाट धरली. आधीच लिहून ठेवलेल्या चार कादंबऱ्यांसाठी त्याने स्वतःच्या नावावर किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मदत मागितली. १ लाख ८५ हजारांहून अधिक वाचकांनी ४ कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम दिली.

म्हणून नारळीकर विरक्त आणि सँडरसन लोभी ठरत नाही. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते, काम लोकांपर्यंत नेऊ नका असं सांगत नाही.

माधुकरीची रीत इथे आठवते. विद्यार्थी घरोघर थोडंथोडं मागे, पोटापुरतंच घेई आणि विद्येशी बांधलेला राही. स्वतःच्या पुस्तकाचा डांगोरा पिटणाऱ्या लेखकालाही हीच कसोटी लावावी: गरजेपुरतं मागितलं का, कबूल केलेलं पुस्तक हाती दिलं का?

ओळखीतला कुणी नवा लेखक या कसोटीला उतरत असेल, तर त्याच्या पुस्तकाची एक प्रत आगाऊ नोंदवा.