जुळलं म्हणजे झालं का?

मजकुरात नमुना शोधणारा रेजेक्स चालवला, जुळणी मिळाली, की माझं मन लगेच निर्धास्त होतं. हे निर्धास्तपण प्रामाणिक आहे का, हे स्वतःला विचारणं मी टाळत आलो आहे. आज टाळायचं नाही.

पायथनमध्ये काही सापडलं नाही तर हाती 'नन' येतं, सापडलं तर मॅच ऑब्जेक्ट. 'नन'ची धास्ती सगळ्यांनाच असते, म्हणून त्याची तपासणी आम्ही आधी लिहितो. पण 'नन' निदान तोंडावर नाही म्हणतं. धास्ती वाटायला हवी ती होकाराची.

पत्त्यातून जिल्हा काढायचा आहे असं धरू. नमुना साधा: 'जि.', मोकळी जागा आणि कंसात बॅकस्लॅश डब्ल्यू, पुढे अधिक चिन्ह. 'ता. वाळवा, जि. सांगली' यावर ग्रुप १, म्हणजे कंसात पकडलेला भाग, मागितला तर मिळतो नुसता 'स'. 'ता. कोरेगाव, जि. सातारा' यावरही 'स'च. पायथनचं अंगचं री मॉड्यूल या खुणेत अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच धरतं. काना, वेलांटी, अनुस्वार ही युनिकोडच्या लेखी अक्षरं नव्हेत, जोडचिन्हं. दोन्ही नावांत सहा-सहा संकेत. पहिला घेऊन जुळणी थांबते आणि एरर कुठेच येत नाही. अंकांच्या बॅकस्लॅश डीला मात्र पत्त्यातल्या गट नंबराचा देवनागरी २१४ बिनचूक कळतो. गट नंबर शाबूत, जिल्ह्याचं नाव मोडलेलं.

१९४९ साली 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. वाळवा, तासगाव हे तालुके १९४९ पूर्वी साताऱ्यातच होते. दोन्ही जिल्ह्यांचा 'स' करून ती वाटणी माझी एक ओळ गुपचूप पुसून टाकते.

उपाय मला ठाऊक नाही असं म्हणायची सोय नाही. स्वल्पविराम किंवा ओळीचा शेवट येईपर्यंतचं सगळं घ्यावं, नाहीतर वेगळं मिळणारं रेजेक्स मॉड्यूल वापरावं. पाच मिनिटांचं काम. खोट सवयीत आहे. मराठीत बाराखडी गिरवलेला माझा हात नमुना तपासताना इंग्रजी पत्त्यांकडेच आधी जातो. किती ओळी जुळल्या हे मी मोजतो, काय जुळलं ते वाचायचा कंटाळा करतो. मॅच ऑब्जेक्ट बिचारा काही लपवत नाही; स्पॅन विचारला की कुठून कुठपर्यंत वाचलं ते सरळ सांगतो. त्यापुढे काय उरलं, हे बघायचं काम त्याचं नाही.

ते माझं आहे. वाळव्याच्या माणसाचा पत्ता 'स' नावाच्या खात्यात जमा झाला, तर तो जाब विचारायला येणार नाही, कारण त्याला ते कळणारच नाही. म्हणून 'सगळं जुळलं' असं कुणाला कळवण्याआधी ग्रुप १ चा रकाना मी स्वतः, वरपासून खालपर्यंत, वाचला पाहिजे.