भ्यालेल्या जिवाची सोबत

वारकऱ्याला चालायला कोणी शिकवावे लागत नाही. आईबापांच्या मागे दिंडीत चालता चालता ते आपोआप अंगी मुरते. तरीपण चालणे म्हणजे काय, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एका कुत्रीने शिकवायला घेतले, आणि तो पाठ अजून पुरा झालेला नाही. कुत्रीची गोष्ट आपल्या मासिकात कशाला, असे एखाद्या सज्जनाला वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. मला विचारायचे आहे ते अभयाविषयी. कुत्री वाटेत भेटली इतकेच.

आमचे गाव मूल, जिल्हा चंद्रपूर. २०२२ च्या श्रावणात, झडीच्या पावसात, पहाटे देवळातून परतताना रस्त्याच्या मोरीत ती दिसली. गळ्यात तुटलेली दोरी, दोरीखाली जखम. कोणीतरी पाळून मग सोडून दिली असावी. पाळलेले जनावर असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पण मोरीत पडलेल्या जनावराला कायद्याचा काय उपयोग! पोत्यात घालून घरी आणली. जनावरांच्या डॉक्टरांनी जखम धुतली, रेबीजची लस टोचली, पुढे नसबंदीही केली. जखम पंधरा दिवसांत भरली. भय मात्र भरून आले नाही. ताट पडले की थरथर, काठी दिसली की जागच्या जागी मुतणे, आणि दिवसभर पलंगाखाली मुक्काम. सौभाग्यवतींनी नाव ठेवले भिवरी. भिते म्हणून भिवरी, आणि भिवरा म्हणजे आपली चंद्रभागाच. एका गृहस्थांनी हरकत घेतली की पुण्यनदीचे नाव कुत्रीला देता? त्या म्हणाल्या, "नदीवर कुत्रं पाणी प्यायला आलं तर नदी त्याला हाकलते का हो?" गृहस्थ चहा पिऊन गेले.

तिला फिरायला नेणे हा माझा नेम झाला. पहिला महिना आमची मजल अंगणाच्या फाटकापर्यंत. दुसऱ्या महिन्यात शेजारच्या लिंबापर्यंत. मी वारीत दिवसाला पाच कोस सहज चालणारा माणूस. आणि इथे वीस पावलांना अर्धा तास! सायकलची घंटी वाजली की ती जमिनीला चिकटे. ओढावे तर पाय रोवी, उचलावे तर काळीज माझ्या हातावर धडधडे. मग हळूहळू काही गोष्टी उमगल्या. तिच्याकडे रोखून पाहायचे नाही. डोक्यावरून हात आणायचा नाही. बसून, कुशीकडून, तिने हुंगल्यावर आणायचा. तिने शेपूट पोटाखाली घेतली, ओठ चाटले, उगीच जांभई दिली, की ती झोप नव्हे, धास्ती समजायची आणि तिथून परतायचे. भ्यालेले जनावर आवडीचा भाकरतुकडाही तोंडात घेत नाही. तो घेऊ लागले की समजावे, जीव थोडा स्थिर झाला.

हे सगळे कळल्यावर एके रात्री ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय वाचत होतो. अहिंसेच्या प्रकरणात माउली थांबतात ते चालण्यावर. पायाखाली जीव आहेत या जाणिवेने पाऊल कसे पडावे, नजर कशी असावी की ती कोणाला टोचू नये, हात उचललाच तर तो कोणाला अभय द्यायला किंवा पडलेल्याला आधार द्यायला कसा उचलावा, याचे किती बारीक वर्णन आहे ते! चाळीस वर्षे मी ते वाचले, परंतु काव्य म्हणून. पाय, नजर आणि हात, हे तिन्ही माझे चुकत होते, आणि ते मला दाखवले कोणी, तर पलंगाखालच्या जिवाने. गीतेत समदृष्टी सांगताना भगवंतांनी कुत्र्याचे नाव स्पष्ट घेतले आहे, आणि सोळाव्या अध्यायात दैवी संपत्ती मोजताना पहिले नाव घेतले ते अभयाचे. अभयाचा एक अर्थ आपण न भिणे. दुसरा, आपल्यामुळे कोणी न भिणे. पहिला अर्थ कीर्तनात पुष्कळ ऐकू येतो. दुसऱ्याच्या वाटेला आपण फारसे जात नाही, कारण तो आपल्या हातात आहे.

आता माझी चूक सांगतो.

२०२४ च्या महाशिवरात्रीला मार्कंड्याला जायचे ठरले. आपण विठ्ठलाचे, पण हरि-हरांत भेद मानीत नाही. आमच्या भागात मार्कंड्याची जत्रा चुकवणे म्हणजे घरचे कार्य चुकवण्यासारखे. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूलहून चामोर्शीच्या रस्त्याने वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो (१९८२ पर्यंत हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता). दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा येथे वळण घेऊन उत्तरेला वाहते, म्हणून तीर्थाचे महत्त्व. काठावर हजार वर्षांकडे झुकलेली दगडी देवळे, भिंतीवर मूर्तींच्या रांगाच रांगा. कनिंगहॅम साहेबाने १८७३ ते १८७५ मधल्या मध्यप्रांताच्या दौऱ्यात त्यांची नोंद केली आहे. मार्कंडेय ऋषींनी येथे तप केले अशी श्रद्धा आहे.

भिवरीला ठेवायचे कोणापाशी? शेजारी लग्नाला गेलेले. मी म्हटले, नेऊ या बरोबर, तिलाही तीर्थ घडेल. या वाक्यात माझा सगळा अहंकार होता, पण तेव्हा तो भक्तीसारखा दिसला. ओळखीच्या गाडीतून नेली. वाटेत ती दोनदा ओकली. जत्रेच्या तोंडाशी उतरलो तो कर्णे, डफडी, पिपाण्या, पाळणे, माणसांची रेटारेटी. भिवरी पोटावर आडवी झाली. सौ. म्हणाल्या, "अहो, परत फिरू या." मी म्हणालो, "इतकं जवळ आलो आणि देव न बघता जायचं?" आणि दोरी ओढली. तिने मान मागे खेचली, गळपट्टा कानांवरून निसटला, आणि ती पायांच्या जंगलातून वाळूकडे धावत सुटली. झुडपांत शिरलेली शेवटची दिसली.

तीन तास मी हाका मारत फिरलो. सूर्य कलला. हा वाघा-बिबट्यांचा मुलूख. बिबट्याला कुत्रे हे सोपे भक्ष्य. एका बाजूला शंखध्वनी चाललेला, आणि मी महाशिवरात्रीच्या दिवशी दर्शन सोडून काटेरी झुडपांत "भिवरीऽ" म्हणून ओरडतोय. लोक पाहत होते. खोटे कशाला सांगू, लाज वाटली. कुत्र्यासाठी एवढे? असे मलाच आतून कोणी विचारत होते.

तेव्हा वाळूच्या कडेला शिंगाडे विकणारी एक म्हातारी म्हणाली, "तिच्या मांगं धावू नका जी. मानूस मांगं लागला का ते आनखी दूर पळते. तुमच्या आंगावरचं फडकं ठेवा इथं, जिथून पळाली तिथं, आन चुपचाप बसा." मी उपरणे वाळूवर पसरले आणि बसलो. सौ.ना म्हटले, "तुम्ही दर्शन घेऊन या." त्या गेल्या नाहीत.

रात्र मोठी होती. पलीकडे जागर, इकडे आम्ही दोघे. मला नामदेवरायांची कथा आठवली. कुत्र्याने भाकरी पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. लहानपणापासून ऐकलेली कथा; त्या रात्री मात्र मला वाटून गेले, की बिचारे कुत्रे त्या वेळी किती भ्याले असेल! नामदेवरायांना कुत्र्यात पांडुरंग दिसत होता, म्हणून ती धाव त्यांना शोभली. माझ्यासारख्याने धावू नये. बसावे.

मग मार्कंडेयाची कथा आठवली, ज्याच्या नावाच्या गावी मी बसलो होतो. सोळा वर्षांचा पोर. यम आला, पोर भ्यायला आणि पिंडीला मिठी मारून बसला. महादेवाने त्याला काय सांगितले? भिऊ नकोस, आत्मा अमर आहे, असा उपदेश केल्याचे मी तरी ऐकले नाही. ते मध्ये उभे राहिले. पोराच्या आणि यमाच्या मध्ये. मिठी सोडायला त्यांनी लावली नाही. आणि मी? मी पोराची मिठी सोडवून त्याला यमाच्या घोळक्यात ओढत होतो, तेही महादेवाच्या दाराशी.

पहाटे, पूर्व उजळायच्या थोडे आधी, वाळूवरून काहीतरी सरपटत आले. उपरण्यापाशी थांबले, हुंगले, आणि त्यावर वेटोळे करून पडले. मी हात पुढे केला नाही. बऱ्याच वेळाने तिनेच नाक माझ्या तळपायाला लावले. त्या वर्षी आम्ही दोघेही दर्शनाशिवाय घरी आलो. शिंगाड्यांच्या म्हातारीला शोधले. ती उठून गेली होती.

ही गोष्ट मी आमच्या फडावरच्या एका बुवांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "दया खरी, पण मोहही जवळच असतो. जडभरताला हरिणाच्या पाडसापायी पुन्हा जन्म घ्यावा लागला, विसरलात काय?" हा आक्षेप हलका नाही. भागवतातला राजा भरत सर्व सोडून गेला आणि एका पाडसात गुंतला. अंतकाळी मनात तेच. मी पुष्कळ दिवस यावर विचार केला. मला असे दिसते, की भरताने पाडसाला पुरातून वाचवले येथे त्याचे काही चुकले नाही. पुढे ते त्याला आपल्या सुखासाठी हवेसे झाले, तेथे घोटाळा झाला. मग मोह कोठे होता? मी भिवरीसाठी रात्रभर बसलो तेथे, की "तिलाही तीर्थ घडेल" म्हणून तिला मिरवायला नेली तेथे? माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. बुवांचे पुरते समाधान झाले नाही, आणि मलाही भरताची गोष्ट अजून टोचते. टोचलेली बरी.

धर्मराजाचा दाखला पुष्कळजण मला देतात. कुत्र्यावाचून स्वर्गात जाणार नाही म्हणाला, म्हणून. पण ते कुत्रे आपल्या पायांनी त्याच्यामागे हिमालय चढले होते. जे आपण होऊन मागे आले त्याला टाकू नये, आणि जे येऊ इच्छीत नाही त्याला ओढू नये. धर्मराजाकडे पाहून आपण पहिले शिकतो, दुसरे शिकायला दोरीचे दुसरे टोक पाहावे लागते.

जे कुत्र्यांना भितात त्यांचे भयही भयच आहे, हेही लिहिले पाहिजे. चावल्यामुळे मेलेली माणसे आपल्या देशात आहेत. कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी; चुना-मिरची लावत बसू नये. आमच्यासारख्या जंगलभागात कुत्रे मोकळे सोडणे हे कुत्र्यालाही घातक आणि रानातल्या जनावरांनाही. कुत्र्यांचे रोग त्यांना लागतात. म्हणून भिवरी दोरीवरच असते, संध्याकाळी घरात असते, आणि समोरून कोणी बिचकताना दिसले की आम्ही रस्त्याच्या कडेला उतरून उभे राहतो. अभय वाटायचे तर सगळ्यांनाच वाटले पाहिजे.

गेल्या मार्गशीर्षात पुन्हा मार्कंड्याला गेलो. साधा बुधवार, जत्रा नाही, गर्दी नाही. या वेळी गळ्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा होता. त्यातून सहजी निसटता येत नाही आणि मानेलाही हिसका बसत नाही. सवय व्हावी म्हणून आधी दोन महिने रोज गाडीत नुसते बसवून उतरवली होती. देवळाच्या अलीकडे मैलभर उतरलो आणि तो मैल चालायला आम्हाला दीड तास लागला. ती थांबली की थांबायचे. ती एका पळसाला पाच मिनिटे हुंगत राहिली. मी तेवढ्यात हरिपाठाचे दोन अभंग म्हटले. वैनगंगेचे पाणी तिने लांबून पाहिले, मग जवळून, मग प्यायली. देवळात तिला नेली नाही. तो परिसर पुरातत्त्व खात्याचा, आणि तेथे येणाऱ्यांचाही मान आहे. सौ. आधी आत गेल्या, मी बाहेर बसलो. त्या आल्यावर मी गेलो. पिंडीपुढे डोके टेकले तेव्हा मागायचे काही सुचले नाही. बाहेर आलो तो भिवरी सौ.च्या पदरावर डोके ठेवून झोपलेली. दिवसाढवळ्या, परक्या जागी, उघड्यावर तिला झोपलेली मी पहिल्यांदा पाहिली.

आता आषाढी. बावीस वर्षे मी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालत गेलो. सुमारे तीन आठवडे. मधल्या काळात सौ.ही दोन वेळा आल्या. यंदा दोघांनी जायचे तर भिवरीला ठेवायचे कोठे? शेजाऱ्यांच्या घरी ती अन्नाला तोंड लावत नाही, हे दोनदा पाहिले. बुवा म्हणतात, वारी चुकवू नये. आणि वारी चुकवायची नाही हे मलाही मान्य. पुंडलिकाने देवाला विटेवर उभे केले ते आईबापांच्या सेवेसाठी. कुत्रीची त्यांच्याशी बरोबरी करण्याइतका मी निर्लज्ज नाही. पण वर्षातून एक वारी घडली तरी माळेचा नेम राहतो, हे आमच्या वडिलांनीच सांगून ठेवले आहे. म्हणून असे ठरले: आषाढीला सौ. जातील, त्यांचे गुडघे चालतील तेथवर पायी आणि पुढे दिंडीच्या गाडीतून. मी कार्तिकीला जाईन. आषाढी एकादशीच्या पहाटे मी आणि भिवरी आमच्या ओढ्यापर्यंत जाऊ. तिची मजल सध्या तेवढी आहे. कधी लिंबापाशीच थांबते. तिथे थांबली तर तिथे.