पानाची मागची बाजू

तासगाव तालुक्यातल्या एका गावात दोघे भाऊ होते. वडील गेल्यावर द्राक्षबागेची वाटणी झाली. एक एकर थोरल्याला, एक एकर धाकट्याला, मधे बांध. पाणी एकाच विहिरीचं, ऑक्टोबर छाटणी एकाच आठवड्यात, औषधंही एकाच दुकानातली. व्हॉट्सअ‍ॅपवर द्राक्ष बागायतदारांचा एक ग्रुप होता, त्यातही दोघे होते. पलूस, कवठेमहांकाळपासून थेट नाशकातल्या निफाडपर्यंतची शेकडो माणसं त्या ग्रुपात होती.

धाकटा रोज सकाळी बागेत जायचा. सगळ्यांत देखणी वेल निवडायचा, आड येणारं पिवळं पान खुडून टाकायचा आणि फोटो काढायचा. फोटो ग्रुपात पडला रे पडला, की अंगठ्यांची रांग लागायची. "नाद खुळा!" "बाग म्हणावी तर अशी!" जेवताना एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात फोन. आज कालच्यापेक्षा कमी अंगठे आले, तर त्याला घास गोड लागायचा नाही.

थोरला फारसं काही टाकायचा नाही. धाकट्याचा फोटो दिसला की एक अंगठा द्यायचा आणि कामाला लागायचा.

नोव्हेंबरात अवकाळी पावसानं गाठलं. बाग ऐन फुलोऱ्यात आणि तीन दिवस आभाळ उघडेना. पानं काही तास ओली राहिली, तरी दावण्या रोगाला तेवढं पुरतं. चार-पाच दिवसांत दोघांच्याही बागेत पानांवर तेलकट पिवळे डाग दिसू लागले. पान उलटं केलं की खाली पांढरी बुरशी. ती घडात शिरली, की वर्षाची कमाई मातीत.

धाकट्यानं डाग पाहिले आणि त्याच्या पोटात गोळा आला. पण ग्रुपात सांगायचं कुठल्या तोंडानं? परवाच त्याला कुणीतरी 'द्राक्षसम्राट' म्हटलं होतं. त्यानं फोनमधला आठवड्यापूर्वीचा फोटो शोधला आणि तोच टाकला. दीडशे अंगठे आले. औषध मात्र त्यानं अंदाजानंच मारलं, तेही पंप चिखलातून निघाल्यावर, दोन दिवसांनी.

थोरल्यानं पान उलटं केलं, मागच्या बाजूचा फोटो काढला आणि बोलून निरोप टाकला, "मंडळी, दावण्या घुसलाय. ट्रॅक्टर चिखलात शिरंना. काय करू?"

त्या फोटोला एकही अंगठा आला नाही. फोन आले. निफाडचा एक बागायतदार म्हणाला, "रोगट पानं, फुटी काढा आणि बागेबाहेर न्या. वेली हलवून पानांवरचं पाणी झाडा. ट्रॅक्टर शिरत नसेल तर फवारणीसाठी खोळंबू नका, मँकोझेबची धुरळणी करून घ्या." दुसऱ्यानं आधी काय काय मारलं होतं ते विचारून घेतलं आणि तेच औषध पुन्हा मारू नका म्हणून बजावलं. पलूसचा एकजण तर संध्याकाळी धुरळणीचं यंत्र मोटारसायकलवर बांधून दारात हजर झाला. त्याची आणि थोरल्याची तोवर तोंडओळखही नव्हती.

पंधरवड्यानं हिशोब लागला. थोरल्याचे थोडे घड गेले, बाकीची बाग तरली. धाकट्याची निम्मी बाग कुजली. तो बांध ओलांडून आला आणि खाली मान घालून बसला.

"दादा, तुला एवढी माणसं मिळाली कुठं?"

"तुझ्याच ग्रुपातली की. तुला रोज अंगठा देत्यात, तीच."

"मग मला कुणी कसं इचारलं न्हाई?"

"तू दाखवलंस ते त्यांनी वाखाणलं. पान तू उलटं केलंसच न्हाई, तर रोग दिसणार कसा?"

धाकटा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आप्पा होते तवर रोज फेरी मारून 'बाग झ्याक आलीय' म्हणायचे. ते गेल्यापासनं घरात कुणी म्हणंना. म्हणून फोटो टाकायला लागलो."

थोरल्याला ते लागलं. "चूक माझीबी हाय," तो म्हणाला. "आपल्या दोन बागांत एक बांध. पण मी घरात बसून अंगठा दिला आणि काम झालं समजलो. चार पावलं चालून आलो असतो, तर डाग मलाच आधी दिसले असते."

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी मिळून धाकट्याची उरलेली बाग हाताखाली घेतली. ग्रुपात त्यानं पहिल्यांदाच कुजलेल्या घडाचा फोटो टाकला आणि खाली विचारलं, "यातलं काय वाचंल?" तासाभरात सतरा जणांनी उत्तरं दिली.

तात्पर्य : माणूस फोनकडे वळतो तो कुणीतरी आपली दखल घ्यावी म्हणून, आणि त्या भुकेत वाईट काही नाही. पण नुसतं चांगलं दाखवलं तर कौतुकच मिळतं. मदत हवी असेल तर अडचण उघडी करावी लागते. आणि ज्याच्या घरी चालत जाता येतं, त्याला नुसता अंगठा देऊन भागवू नये.