मोहोर आणि विवेक

बेळगावहून निपाणीकडे येताना तवंदी घाटाचा उतार लागतो. तो उतरताना मजसारख्या वकिलाला एक प्रश्न नेहमी पडतो: कायद्याने माणूस केवळ आवरला जातो, की शहाणाही होतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११८ व्या नियमात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि बहुतेक नव्या मालमोटारींना ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जाऊ न देणारा वेगनियंत्रक सक्तीचा झाला. डंपर, टँकर व शाळेच्या बसगाड्यांना ही मर्यादा ६०. त्या यंत्राची मोहोर फोडून मर्यादा वाढवून घेणारे महाभागही आहेत. ‘वेळ वाचतो, कोणाचे काय जाते?’ असे ते विचारतात. त्याच रस्त्याने जाणाऱ्या दुसऱ्याने या सौद्याला संमती दिलेली नसते, हे ते विसरतात.

परंतु मोहोर शाबूत असली म्हणून तरी काय? वेगनियंत्रक इंजिनाचे इंधन रोखतो. तो ब्रेक लावीत नाही. उतारावर भरल्या गाडीला पृथ्वीच ओढू लागते, तेव्हा यंत्र हतबल होते. तेथे खालचा गिअर आणि चालकाचा विवेक हेच तारक. कठोपनिषदाने शरीराला रथ आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे ते उगीच नव्हे. सपाटीवरची हाव कायदा रोखील. उतारावरचा मोह ज्याचा त्यानेच आवरला पाहिजे.